ज्वारी पेरून तण थांबते का?

प्रश्न : भातकापणीनंतर ४०० चौरस मीटरात विहिरीच्या पाण्यावर मिरची लावतो. दोन-तीन खुरपण्या करूनही घोळ, रानराजगिरा आणि लव्हाळा हटत नाही. ज्वारीच्या मुळांतल्या द्रव्याने तण मरते, हे खरे का? आळसांद्यांच्या (चवळीच्या) तुकड्यातही ती पेरू का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : उगवून मोठे झालेले तण ज्वारीने मरत नाही, नव्याने उगवणारे दबते. ज्वारीच्या मुळांच्या केसांतून सॉर्गोलिओन हे तेलकट द्रव्य पाझरते आणि कोवळ्या रोपाचे प्रकाशसंश्लेषण अडवते. घोळ, रानराजगिरा बारीक बियांचे, मातीच्या वरच्या थरातून उगवणारे, म्हणून त्यात सापडतात. लव्हाळ्याच्या गाठीत मात्र साठा असतो, त्यामुळे तो फारसा दबत नाही. त्याला एप्रिल-मेमध्ये दोनदा नांगरून गाठी उन्हात वाळवणे हाच उपाय.

हे द्रव्य तण आणि पीक असा भेद करत नाही. मिरचीचे बीही बारीकच, म्हणून ते थेट पेरू नका, रोपेच लावा. भात निघताच चाऱ्याच्या ज्वारीचे २ किलो बी २० ते २५ सें.मी. अंतराच्या ओळींत दाट पेरा. १५ दिवसांनी मिरचीचा गादीवाफा टाका, पण ज्वारीपासून दूर. ४० ते ४५ दिवसांनी, फुलोऱ्याआधी, ज्वारी अगदी जमिनीलगत कापा आणि तिथेच ७-८ सें.मी. थर पसरा. बुंधा उंच राहिला तर फुटवे येतात, ते उपटा. दोन आठवड्यांनी थर बाजूला सारून रोपे लावा, तोवर तीही तयार होतात.

ज्वारी मातीत मिसळू नका. कुजताना ती नत्र ओढून घेते आणि रोपे पिवळी पडतात. दोष मात्र ज्वारीच्या विषाला दिला जातो. रोपांभोवती कंपोस्ट आणि गिरीपुष्पाचा कोवळा पाला घाला.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुंपण. भात निघाले की गुरे मोकळी फिरतात, आणि कोवळ्या किंवा सुकत चाललेल्या ज्वारीत सायनाईड तयार होते. फुटवेही तितकेच घातक. पोटभर खाल्ले तर गाय तासाभरात दगावू शकते.

आळसांदे जमिनीतल्या ओलीवर येतात आणि ज्वारी तीच ओल पिऊन टाकते, म्हणून तिथे पेरू नका. उगवण झाल्यावर ओळींमध्ये घाटावरून येणारा वाळलेला कडबा तोडून पसरा. पावसाळ्यात हा प्रयोग नकोच.