दिवाणा दिवाणखान्यातला नव्हे

भाची सोलापुरी चादरींवर लेख लिहितेय. ‘जुन्या नक्ष्यांचा तो नुसता दिवाणा आहे’ असं लिहिलं आणि अडली. ‘मामा, दिवाणा आणि दिवाणखाना एकाच घरातले का?’

नाहीत. दोघेही फारसीतून आले, पण कुळं वेगळी. फारसीत ‘दीव’ म्हणजे राक्षस. त्याने ज्याला धरलं तो ‘दीवाना’. आपल्या भाषेत झपाटलेला. आणि हा दीव म्हणजे आपल्याच ‘देव’ शब्दाचा सख्खा भाऊ! अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘दएव’ त्याज्य ठरले, इकडे देव पूज्य राहिले. आपल्याकडे देव अंगात येतो तेव्हा लोक हात जोडतात. इराणात त्याच नावाचा कुणी अंगात शिरला की माणूस वेडा ठरतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

‘दिवाण’ मात्र लेखनाच्या घरातला. आधी नोंदवही, मग कचेरी, मग तिथला अधिकारी. त्याचं मूळ ‘दिपि’ म्हणजे लिखाण. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात ‘लिपि’ऐवजी हाच शब्द आहे. शिवाजी महाराजांच्या दरबारात परराष्ट्र व्यवहार पाहणारा डबीरही त्याच गोतातला.

भाचीची शंका जुनीच आहे. चौदाव्या शतकात अरब इतिहासकार इब्न खल्दूनने एक गोष्ट नोंदवलीय: स्वतःशी पुटपुटत हिशेब करणारे कारकून पाहून इराणचा खुस्रो राजा ‘दीवाने!’ म्हणाला, तेच नाव कचेरीला पडलं. गोष्ट गोड, व्युत्पत्ती खोटी. मराठीने ‘न’चा ‘ण’ केल्यावर तर दोन्ही शब्द जुळे दिसू लागले.

आमच्या गल्लीतल्या खाला पतंगामागे पत्र्यावरून पळणाऱ्या पोरांवर ओरडायच्या, ‘दिवाना हुआ क्या रे?’ त्यात कौतुक बिलकूल नसे, निव्वळ धास्ती. फारसीत आजही ‘दीवाने’ म्हणजे वेडाच, तुर्कीतही तेच. ‘एखाद्या गोष्टीवर जीव टाकणारा’ हा लाडका अर्थ आपल्याकडे प्रेमाच्या शायरीने आणि सिनेमाच्या गाण्यांनी रुळवला.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘पिच्ची पट्टिंदी’ म्हणतात, कानडीत ‘हुच्चु हिडिदिदे’. दोन्हीकडे वेड माणसाला धरतं. मराठीत ते लागतं, जसं भूत लागतं. म्हणून भाचीला सांगितलं, वाक्य बदलू नकोस. जुनी नक्षी दिसली की चादर उलटी करून धागे मोजत बसणाऱ्या माणसाला ‘हौशी’ म्हणणं अपुरं पडतं. फक्त ‘नुसता’ काढ, ‘दिवाणा’ एकटा पुरतो.