विंडोजवरचे कॅलिबर लिनक्स मिंटवर नेताना

आपला लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून त्याच लॅपटॉपवर आपण लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवणार आहात. तेव्हा कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळणाऱ्या प्रोग्राममधली दोन हजार पुस्तके टॅग आणि नोंदींसह तिकडे कशी न्यावीत, असे आपण विचारले आहे.

सर्वांत आधी एक कळकळीची विनंती. ईपब (ई-पुस्तकांच्या) फायली पेनड्राइव्हवर घेऊन नव्या कॅलिबरमध्ये 'ॲड बुक्स'ने पुन्हा भरू नका. मी एकदा तसे केले होते. पुस्तके सगळी आली, पण 'वाचून झाले' आणि 'कोणाला दिले' हे मी स्वतः तयार केलेले रकाने आणि अनेक वर्षे लावलेले टॅग गेले, कारण ही माहिती पुस्तकाच्या फायलीत नसून लायब्ररीच्या फोल्डरमधील मेटाडेटा.डीबी या डेटाबेस फायलीत असते. ते फोल्डर एकदा उघडून पाहा: प्रत्येक लेखकाचे एक फोल्डर, त्यात पुस्तकाच्या नावापुढे कंसात क्रमांक असलेले फोल्डर आणि त्यात पुस्तक, मुखपृष्ठाचे चित्र व मेटाडेटा.ओपीएफ ही पुस्तकाच्या माहितीची फाइल. कंसातला तो क्रमांक डेटाबेसमधील नोंदीचा असतो, त्यामुळे या फोल्डरांची नावे हाताने कधीही बदलू नयेत.

विंडोजवर असतानाच कॅलिबर अद्ययावत करा आणि लायब्ररीच्या बटणाच्या मेनूतील 'एक्स्पोर्ट/इम्पोर्ट ऑल कॅलिबर डेटा' निवडा. यात पुस्तके, सेटिंग्ज आणि प्लगइन (जोड-सुविधा) असे सारेच बाहेर काढले जाते, म्हणून बाह्य डिस्कवर लायब्ररीच्या आकाराहून थोडी अधिक जागा ठेवा. आपण त्याच लॅपटॉपची डिस्क पुसणार असल्यामुळे, मूळ लायब्ररीचे फोल्डरही जसेच्या तसे वेगळे उतरवून घ्या. एक्स्पोर्टमध्ये काही बिघडले, तर 'स्विच/क्रिएट लायब्ररी'ने ते फोल्डर दाखवले की निदान पुस्तके आणि नोंदी तरी परत मिळतात.

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधील कॅलिबर बरेचदा जुने असते आणि जुन्या आवृत्तीत नव्या आवृत्तीचा डेटा नेणे धोक्याचे असते. कॅलिबरच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठी दिलेली एका ओळीची आज्ञा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चालवावी. त्याने कॅलिबर ऑप्ट या फोल्डरात बसते. बसवूनही ते उघडले नाही, तर टर्मिनलमधूनच सुरू करून संदेश वाचा. बहुधा लिबएक्ससीबी-कर्सर० हे छोटे पॅकेज राहिलेले असते. त्यानंतर त्याच 'एक्स्पोर्ट/इम्पोर्ट' मेनूतून इम्पोर्ट करताना लायब्ररीसाठी आपल्या होम फोल्डरात नवे, रिकामे फोल्डर द्या. ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात किंवा नेटवर्कवरच्या डिस्कवर ती ठेवू नका, कारण अर्धवट सिंक झालेला डेटाबेस बिघडू शकतो.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत एक अडचण येऊ शकते. वाचनखिडकीसाठी आपण निर्मला किंवा मंगल हा फाँट निवडलेला असेल, तर तो मिंटवर नसेल; नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवून तो निवडा. अलीकडचे किंडल जोडल्यावर कॅलिबरला ते दिसले नाही, तर मिंटच्या फाइल व्यवस्थापकाने ते आधीच ताब्यात घेतलेले असते. तिथून ते 'इजेक्ट' करावे, केबल मात्र काढू नये.

सर्व स्थिरावल्यावर 'लायब्ररी मेंटेनन्स'मधील 'चेक लायब्ररी' चालवा, पुस्तकांची संख्या जुन्या आकड्याशी ताडून पाहा, आणि निदान महिनाभर तरी बाह्य डिस्कवरची प्रत पुसू नका.