बनारसच्या अघोरी आश्रमात कुष्ठरोग बरा होतो का?

आधी सरकारी दवाखान्यात न्या, मग बनारसला. तुमच्या मामांना कुष्ठरोग झालाय आणि घरचे त्यांना अघोरी आश्रमात ठेवू म्हणताहेत, एवढं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय.

माझे धाकटे काका, त्यांनाही कुष्ठरोगच. वर्धा जिल्हा, १९८०च्या दशकाचा शेवट. चुलीचा चटका बसला तरी त्यांना कळायचा नाही, तळपायाला जखम. मोठ्या काकांनी त्यांचं ताट-वाटी वेगळं करून त्यांना ओसरीवर काढलं आणि ‘मागच्या जन्मीचं फेडतोय’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. ज्या सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची सेवा केली, ते आमच्या शेजारचं गाव. तरी ही तऱ्हा. धाकटे काका एक दिवस न सांगता निघून गेले, ते पोचले बनारसला.

बनारसला गंगेपलीकडे पडाव इथे अवधूत भगवान राम यांचा कुष्ठसेवा आश्रम आहे. त्यांनी १९६१ साली सर्वेश्वरी समूह ही सेवासंस्था स्थापन केली. ते कीनाराम बाबा या अघोरी संतांच्या परंपरेतले. अघोरी म्हटलं की लोकांना स्मशान आणि कवटी एवढंच दिसतं. पण किळस जिंकणं हीच ती साधना. मग ज्याला गाव किळसतं त्याच्या जखमा धुणं हीदेखील साधनाच. आश्रमातल्या एकाने काकांचा पाय मांडीवर घेऊन कोमट पाण्याने धुतला, मेलेली कातडी काढली, पट्टी बांधली आणि हात धुऊन त्यांच्याच शेजारी जेवायला बसला. हे सांगताना काका दर वेळी रडायचे. शहरात कीनाराम स्थळ म्हणून या परंपरेचं ठाणं आहे, तिथल्या क्रीं कुंडात लोक रविवारी-मंगळवारी आंघोळ करतात, अंगावरचे कपडे तिथेच सोडतात. काकांनी तेही केलं.

त्याने रोग गेला? नाही. रोग गेला गावी परत आल्यावर, गोळ्यांनी: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमीन, डॅप्सोन. त्या गोळ्यांमुळेच लघवी लाल व्हायची, कातडी काळवंडली, तर मोठे काका म्हणाले, रोग चढतोय! वाकलेली बोटं मात्र तशीच राहिली, नसा आधीच गेल्या होत्या. पण परत येऊन दवाखान्याच्या रांगेत उभं राहायची हिंमत त्यांना त्या आश्रमानेच दिली, हे माझं ठाम मत आहे. मोठ्या काकांनी ते कधी मानलं नाही. भाऊ पूर्ण बरा झाल्यावरही माझ्या बहिणीच्या लग्नात त्याला पंगतीत बसू दिलं नाही. आणि हेच गृहस्थ दरवर्षी गुरुचरित्राचं पारायण करायचे! गाणगापुरात श्रीगुरूंनी कुष्ठी ब्राह्मणाला हाकललं नव्हतं, जवळ केलं होतं. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो होतो, आजही बोलेन. तुमच्याकडे मामांचं ताट कुणी वेगळं केलं असेल तर पहिलं भांडण त्याच्याशी करा. गोळ्या सुरू झाल्या की संसर्गाची भीती जवळजवळ उरतच नाही.

हो, एक राहिलं. काकांना गोळ्या दोन वर्षं घ्याव्या लागल्या. आता बारा महिने पुरतात, चट्टे कमी असतील तर सहा, आणि त्या फुकट मिळतात. मधेच अंगावर गाठी आल्या, ताप आला किंवा नसा दुखायला लागल्या तर गोळ्या बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि तळपायाला जखम असेल तर कुणी कितीही आग्रह केला तरी मामांना कुंडात उतरू देऊ नका.