प्रोलेगॉमेना या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? साधं इंट्रोडक्शन का नाही म्हणत?

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एखाद्या आजाराचं नाव वाटलं होतं, खरंच. त्यामुळे तुम्ही एका पुस्तकाच्या सुरुवातीला तो बघून अडखळलात यात काही नवल नाही.

अर्थ सरळ आहे, मूळ विषयात शिरायच्या आधी जे सांगून टाकावं लागतं ते. मूळ ग्रीक, प्रो म्हणजे आधी आणि लेगेइन म्हणजे बोलणं, इंग्रजीत आला सतराव्या शतकात. प्रोलॉग हा त्याचा सख्खा भाऊ. गंमत त्याच्या एकवचनाच्या, प्रोलेगॉमेननच्या, शेवटच्या मेनन मध्ये आहे (आडनावाशी संबंध नाही 😄), ते ग्रीकमधलं धातुसाधित, आणि आपल्या वर्तमान, दृश्यमान मधलं 'मान' त्याचंच नातलग. आणि प्रो म्हणजे आपला 'प्र', तोच प्रस्तावनेतला. म्हणजे शब्द वाटतो परका पण हाडं ओळखीची निघतात. एकवचन प्रोलेगॉमेनन, अनेकवचन प्रोलेगॉमेना, फिनॉमेनन-फिनॉमेना सारखंच, उच्चारताना जोर 'गॉ' वर.

आता साधं इंट्रोडक्शन का नाही? तर लेखकाचं मनोगत, आभार वगैरे असेल तर ते प्रीफेस, दुसऱ्या कोणी लिहून दिलं तर फोरवर्ड, आणि प्रोलेगॉमेना म्हणजे जाडजूड अभ्यासू प्रकरण, ज्यात विषयाची हद्द, पद्धत, आधीच्या लोकांचं काय चुकलं हे सगळं येतं. मराठीत मला 'उपोद्घात' सगळ्यात जवळचा वाटतो, वजनही तेवढंच आणि वाचणारा दचकतोही तेवढाच.

कधीकधी अख्खं पुस्तकच प्रोलेगॉमेना असतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटचं उदाहरण भारी आहे, १७८१ साली त्याने शुद्ध बुद्धीच्या चिकित्सेवरचा मोठा ग्रंथ काढला, तो लोकांच्या डोक्यावरून गेला, मग १७८३ मध्ये त्याने तेच सोपं करून सांगायला छोटं पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं प्रोलेगॉमेना. म्हणजे 'आधी सांगायचं' ते दोन वर्षं उशिरा आलं, आणि त्यालाही वेगळी प्रस्तावना आहेच! दुसरं उदाहरण अरब इतिहासकार इब्न खल्दूनचं, १३७७ साली त्याने आपल्या इतिहासग्रंथाची जी प्रस्तावना लिहिली ती मूळ इतिहासापेक्षा जास्त गाजली. अरबीत तिला मुकद्दिमा म्हणतात, युरोपातल्या अभ्यासकांनी तिलाच प्रोलेगॉमेना म्हटलं. मुकद्दिमा म्हणजे पुढे ठेवलेली गोष्ट, आणि आपला मुकादम पण त्याच धातूतून आलाय, पुढे उभा केलेला माणूस.

वापरायचा तर प्रबंधात, जाड ग्रंथात वापरा, तिथे शोभतो. ऑफिसच्या रिपोर्टला किंवा ब्लॉगला प्रोलेगॉमेना म्हटलं तर लोक हसतील, निदान मी तरी हसेन. आणि दोन माणसांची ओळख करून देणं या अर्थाने तर तो चालतच नाही.

याचंच एक विशेषण पण आहे, प्रोलेगॉमेनस. जो माणूस मुद्द्यावर यायच्या आधीच पाल्हाळ लावतो त्याच्यासाठी, थोडक्यात नमनालाच घडाभर तेल. माझं हे उत्तर वाचून तुम्ही तो लगेच वापरू शकता.