एका देशात बोटांचे ठसे दिले, आश्रयाचा अर्ज दुसऱ्या देशात केला. मग युरोपातली सरकारं एकमेकांशी नेमकं काय बोलतात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "शेवटी सगळं राजकारणच असतं, कागदाला कोण विचारतो." मी उत्तर लिहितोय ते या वाक्यासाठी. डब्लिन व्यवस्थेत, म्हणजे आश्रयाचा अर्ज युरोपातल्या कोणत्या देशाने तपासायचा हे ठरवणाऱ्या नियमांत, कागदालाच विचारतात, आणि त्यातही कागदावरच्या तारखेला. मंत्री काय बोलले याने बातमी होते; माणूस कुठे राहणार हे बहुतेक वेळा दोन देशांच्या डब्लिन कक्षांमधल्या (हे नियम राबवणाऱ्या सरकारी कार्यालयांमधल्या) पत्रव्यवहारावर ठरतं.

ठसे युरोडॅकमध्ये (युरोपातल्या देशांच्या बोटांच्या ठशांच्या सामायिक नोंदवहीत) तपासले की जुळणी सापडते आणि सोबत एक संदर्भ क्रमांक येतो. देशाच्या अक्षरांनंतरचा पहिला आकडा बघा. १ असेल तर त्या देशात आश्रयाचा अर्ज झाला होता. २ असेल तर सीमा बेकायदा ओलांडताना पकडलं, ठसे घेतले, अर्ज नव्हता. हा एक आकडा न बघता लिहिलेली निवेदनं भलत्याच कलमावर भांडत बसतात. १ असेल तर 'परत घ्या' अशी विनंती जाते, २ असेल तर 'जबाबदारी घ्या' अशी. फॉर्म वेगळे, मुदतीही वेगळ्या. २०१३च्या नियमांनुसार या नोंदीत नाव नसतंच, त्यामुळे नावाचं स्पेलिंग बदलून काही साधत नाही.

आता समजा ठसे इटलीतले, आकडा २, आणि अर्ज जर्मनीत. जुळणी हाती आल्यापासून २ महिन्यांत जर्मनीने डब्लिननेटवरून (डब्लिन कक्षांमधल्या सुरक्षित इलेक्ट्रॉनिक टपालावरून) विनंती पाठवायला हवी. जुळणी उशिरा आली तरी अर्जापासून ३ महिन्यांच्या पुढे जाता येत नाही. मुदत हुकली तर जबाबदारी जर्मनीची, विषय संपला. आणि ही हुकलेली मुदत अर्जदार स्वतः कोर्टात दाखवू शकतो, हे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७मध्ये स्पष्ट केलंय. विनंती वेळेत पोहोचली तर इटलीला उत्तरासाठी २ महिने. ('परत घ्या' असेल आणि आधार युरोडॅकचा असेल तर फक्त २ आठवडे.) इटली गप्प राहिली तर? गप्प राहणं म्हणजे होकार, डब्लिन नियमाचं कलम २२, पोटकलम ७. लोकांना हे पटतच नाही. उत्तर आलं नाही म्हणजे प्रकरण अडकलं असं समजून ते निवांत बसतात, आणि तिकडे हस्तांतरणाचं, म्हणजे माणसाला इटलीत पाठवण्याच्या मुदतीचं, घड्याळ सुरू झालेलं असतं.

हे घड्याळ ६ महिन्यांचं. होकारापासून, किंवा अपिलात स्थगिती मिळाली असेल तर अंतिम निकालापासून. खरी गंमत इथे आहे. मौनातून मिळालेल्या होकारात विमानतळ, वेळ, उतरवून घेणारं कार्यालय यातलं काहीच ठरलेलं नसतं. ते पुन्हा पत्राने ठरवावं लागतं. आजारी माणूस असेल तर आरोग्याची माहिती वेगळ्या फॉर्मवर आधी पोहोचवावी लागते. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला इटलीत पाठवायचं तर राहण्याच्या सोयीची नेमकी हमी घ्या, असं स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने नोव्हेंबर २०१४मध्ये सांगितलं. यात आठवडे जातात. ६ महिने उलटले की जबाबदारी पुन्हा जर्मनीवर. माणूस फरार झाला तर मुदत १८ महिने होते, पण तसं पहिल्या ६ महिन्यांच्या आत इटलीला कळवलेलं असेल तरच. एक दिवस उशीर झाला तरी ती वाढ मिळत नाही.

राजकारणाचं उदाहरण म्हणून इटलीने डिसेंबर २०२२मध्ये डब्लिन परतावणी थांबवली तेच मला दर वेळी ऐकवलं जातं. घ्या तेच. जागा नाही असं पत्र इटलीने पाठवलं आणि परतावणी जवळपास ठप्प झाली, खरं आहे. पण पुढे काय? ज्यांचे ६ महिने उलटले त्यांचे अर्ज पाठवणाऱ्या देशांकडे गेले, तेही मुदतीच्या त्याच कलमाने. डिसेंबर २०२४मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानेही सांगितलं की एखादा देश परत घ्यायला नकार देतो एवढ्यावरून तिथल्या आश्रय-व्यवस्थेत गंभीर दोष आहेत असं धरता येणार नाही, पुरावा तपासा.

म्हणून कुणाला सल्ला द्यायचाच असेल तर पत्रकार परिषदा बघायला सांगू नका. फाइलची प्रत मागायला सांगा आणि त्यातून चार तारखा काढा: अर्जाची, जुळणीची, विनंतीची, होकाराची. जवळचं माणूस दुसऱ्या सदस्य देशात असेल तर नात्याचा पुरावा होकार येण्याच्या आत द्यायला हवा. नंतर जबाबदार देश ठरवण्याचे निकष बदलत नाहीत, उरतं ते कलम १७, म्हणजे जबाबदारी नसतानाही अर्ज स्वतः हाती घेण्याची मुभा, आणि ते त्या देशाच्या मर्जीवर. मुदत संपेपर्यंत लपून राहा असं सांगणारे लोक ६चे १८ कसे होतात ते सांगत नाहीत.

हे सगळं ६०४/२०१३ या डब्लिन नियमाचं. एकट्या अल्पवयीन मुलांना वेगळे निकष लागतात. आणि २०२४/१३५१ हा नवा नियम लागू होण्याची तारीख १ जुलै २०२६. त्यात 'परत घ्या'ची विनंती जाऊन नुसती सूचना येते, बेकायदा प्रवेशाची जबाबदारी १२ऐवजी २० महिने टिकते आणि फरार झाल्यास मुदत ३ वर्षांची होते. त्या तारखेआधी नोंदलेल्या अर्जाला मात्र जुनेच निकष, म्हणजे पहिला कागद बघायचा तो नोंदणीचा.