लोह दोन्हींत, मग चुंबक एकालाच का चिकटतो?

प्रश्न : माझी मुलगी नववीत शिकते. तिच्या पट्टीचुंबकाला आमच्या नाल्याच्या वाळूतील काळे कण भराभर चिकटतात. परंतु माझ्या भावाने एटापल्लीकडून आणलेल्या, लोखंडाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल दगडाची पूड जागची हलत नाही. आठवडी बाजारातील भांडेवाला सांगतो की, ज्याला चुंबक चिकटत नाही तेच अस्सल स्टील. हे खरे मानावे काय? शिवाय तो चुंबक परवा फरशीवर पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. आता उत्तर ध्रुव कोणत्या तुकड्यात राहिला?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : लाल दगड आणि काळी वाळू यांची तुलना तुमच्या मुलीने आपणहून केली असेल, तर तिचे कौतुक करायला हवे, कारण ‘लोखंड चुंबकाकडे ओढले जाते’ हे वाक्य जिथे अपुरे पडते, तीच जागा तिला सापडली आहे.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या परिसरातील लाल लोहखनिज म्हणजे हेमेटाइट, तर नाल्यातील चिकटणारे काळे कण मुख्यतः मॅग्नेटाइटचे असतात. तुमच्याकडील काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, हे खनिज बारीक कणांच्या रूपात असतेच; दगड झिजून त्याची माती झाली की, हे जड कण पावसाच्या पाण्याबरोबर वाहत येऊन नाल्यात साचतात. शुद्ध हेमेटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोह असते आणि मॅग्नेटाइटमध्ये सुमारे ७२ टक्के. तेव्हा लोहाच्या प्रमाणावरून या दोघांच्या वागण्याचा उलगडा होत नाही. तो अणूंच्या मांडणीत शोधावा लागतो. यांतील लोहाचा प्रत्येक अणू हा एक इवलासा चुंबकच असतो. हेमेटाइटमध्ये एका थरातील अणूंची दिशा शेजारच्या थराच्या जवळजवळ उलट असते, त्यामुळे बंडीला दोन्ही टोकांनी बैल जुंपावेत तशी गत होते : जोर लागतो, पण बंडी हलत नाही. मॅग्नेटाइटमध्येही काही अणू उलट दिशेने असतातच. मात्र दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसल्यामुळे एका बाजूचा जोर शिल्लक उरतो, आणि तोच तुमच्या चुंबकाला जाणवतो.

भांडेवाल्याचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. भांड्यांसाठी चांगले समजले जाणारे ‘३०४’ प्रतीचे स्टील घेऊ. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, बाकी बहुतेक लोहच. निकेल हा स्वतः चुंबकाकडे जोराने ओढला जाणारा धातू आहे, आणि तरीही तो लोहात मिसळल्यावर स्फटिकाची रचनाच अशी बदलते की, त्या मिश्रधातूला चुंबक चिकटत नाही. ‘४३०’ प्रतीच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसते. त्याला चुंबक चिकटतो, परंतु तेही अस्सल स्टेनलेस स्टीलच असते, आणि इंडक्शनच्या शेगडीवर ठेवायच्या भांड्याच्या बुडाला असे चुंबक चिकटणारेच स्टील लागते. उलट ‘२००’ मालिकेतील स्वस्त स्टीलमध्ये बऱ्याचशा निकेलची जागा मँगनीज घेते. त्यालाही चुंबक चिकटत नाही, पण गंजाच्या बाबतीत ते ‘३०४’पेक्षा कच्चे असते. म्हणजे बाजारातील ही परीक्षा धातूची रचना सांगते, त्याची प्रत सांगत नाही. इतकेच काय, चांगल्या ‘३०४’च्या पातेल्याचा वाकवलेला काठसुद्धा चुंबकाला किंचित ओढ दाखवतो, कारण थंड धातू ठोकताना किंवा वाकवताना तेवढ्या भागाची रचना बदलते.

अॅल्युमिनियम आणि तांबे यांच्यावरही चुंबकाचा परिणाम होतो (पहिले अगदी क्षीणपणे ओढले जाते, दुसरे तितक्याच क्षीणपणे दूर ढकलले जाते), पण घरच्या चुंबकाने तो दिसणार नाही.

आता फुटलेल्या चुंबकाविषयी. उत्तर ध्रुव कोणत्याही एका तुकड्यात राहिलेला नाही. दोन्ही तुकड्यांना आपापले उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही ध्रुव आहेत. ध्रुव टोकाशी साठवून ठेवलेला नसतो. अणूंचे एका दिशेने वळलेले समूह, ज्यांना डोमेन म्हणतात, ते पट्टीभर पसरलेले असतात, आणि पट्टी जिथे तुटेल तिथे त्यांची नवी टोके उघडी पडतात. तुकडा मधोमध दोऱ्याने बांधून लोखंडी वस्तूंपासून दूर टांगावा; स्थिर झाल्यावर उत्तरेकडे राहील तो त्याचा उत्तर ध्रुव.

तुकडे चुलीजवळ मात्र ठेवू नयेत. उष्णतेने डोमेनची शिस्त मोडते, आणि ७७० अंश सेल्सिअसच्या वर तर साधे लोखंडही चुंबकाकडे ओढले जात नाही. लोहाराच्या भात्यापुढे लालभडक होऊन पिवळसर झळकू लागलेले लोखंड त्याच अवस्थेत असते. गॅडोलिनियम नावाच्या धातूची ही मर्यादा तर जेमतेम २० अंश आहे, तेव्हा विदर्भाच्या मे महिन्यात त्याने चुंबकाला दाद दिली नाही तर नवल नाही. चुंबकत्व टिकावे म्हणून दोन्ही तुकडे शेजारी ठेवताना एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ येईल असे ठेवावेत आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाची एकेक पट्टी आडवी लावावी.