मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात नोकरी करणे कसे असते?

आपण खासगी कंपनीतील नोकरी सोडून एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठातील प्रशासकीय पद स्वीकारण्याच्या विचारात आहात, आणि तिथले काम संथ व राजकारणाने भरलेले असते असे ऐकून साशंक झाला आहात. मी अशाच एका विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागात बरीच वर्षे काम करत आहे. अभ्यासक्रमांची मान्यता, परीक्षा आणि पदव्यांच्या नोंदी हे माझे क्षेत्र. संथपणाबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. त्यामागचे कारण मात्र नव्या माणसाला कोणी सहसा सांगत नाही, आणि ते न समजल्यामुळे चांगली, कष्टाळू माणसेही इथे दोन-तीन वर्षांत खचून गेलेली मी पाहिली आहेत.

कंपनीत अंतिम निर्णय कोणाचा, हे लवकर कळते. विद्यापीठात अधिकार दोन वेगळ्या वाटांनी चालतो. इमारती, वेतन, खरेदी आणि सेवानोंदी यांचा कारभार कुलगुरू, कुलसचिव व वित्त अधिकारी यांच्याकडे असतो; परंतु काय शिकवायचे, परीक्षा कशी घ्यायची आणि कोणता प्रबंध पदवीस पात्र मानायचा, हे अध्यापक आपापल्या मंडळांत ठरवतात, आणि तिथे कुलगुरूंनाही हुकूम सोडून चालत नाही. एखाद्या विभागाला नवा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल तर प्रस्ताव विभागाच्या बैठकीतून त्या विषयाच्या अध्यापकांच्या अभ्यास मंडळाकडे, तिथून विद्याशाखेकडे (संबंधित विषयांच्या समूहाकडे), मग विद्यापरिषदेकडे, म्हणजे शैक्षणिक बाबींवरील सर्वोच्च मंडळाकडे, आणि पैशांचा प्रश्न असल्यास व्यवस्थापनाकडे जातो. प्रत्येक मंडळाच्या बैठकीची तारीख ठरलेली असते, विषयपत्रिका काही दिवस आधीच बंद होते आणि गणपूर्ती, म्हणजे सदस्यांची किमान आवश्यक उपस्थिती, झाली नाही तर सगळेच विषय पुढच्या बैठकीवर जातात. एक बैठक हुकली म्हणून पुढचे प्रवेश हुकतात आणि अख्खे वर्ष जाते. कंपनीतून आलेल्या माणसाला हे असह्य वाटणे स्वाभाविक आहे, कारण प्रस्ताव चांगला आहे हे सर्वांना मान्य असूनही तो पुढे सरकत नसतो.

या रचनेचे मोल मला नोंदींच्या कामातून कळले. पदवी घेऊन तीस-चाळीस वर्षे झालेली माणसे आमच्याकडे पत्र पाठवतात: कोणाचे प्रमाणपत्र पुरात गेलेले असते, कोणाला दुसऱ्या देशात परवान्यासाठी विषयवार गुणांचा दाखला हवा असतो, तर कोणाच्या वारसांना निवृत्तिवेतनासाठी शिक्षणाचा पुरावा लागतो. त्या वेळचे अधिकारी, परीक्षक, कधीकधी तो विभागसुद्धा आता अस्तित्वात नसतो. तरीही जुन्या नोंदवहीतील एक ओळ आणि त्या वर्षीच्या विद्यापरिषदेचे इतिवृत्त यांच्या आधारे आम्ही ठामपणे सांगू शकतो की ही पदवी खरी आहे आणि तेव्हाचे नियम हे असे होते. ज्या ठरावासाठी एखाद्या तरुण कर्मचाऱ्याने वर्षभर खेटे घातले, तोच ठराव पुढे अनोळखी माणसाच्या उपयोगी पडतो. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

दुसरी गोष्ट अध्यापकांच्या स्वातंत्र्याची. अनेक देशांत ज्येष्ठ अध्यापकांना नोकरीचे पक्के संरक्षण असते आणि त्याला इतिहास आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात 1894 साली अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईली यांच्यावर संपांना व समाजवादी मतांना पाठिंबा दिल्याचा आरोप झाला. नियामक मंडळाने चौकशीअंती त्यांना दोषमुक्त केले आणि सत्याचा निर्भय शोध चालूच राहिला पाहिजे असे निवेदन काढले, ज्यातील वाक्य तिथल्या बास्कम हॉलच्या दाराशी आजही पाटीवर आहे. पुढे 1940 साली अमेरिकेतील अध्यापकांच्या संघटनेने आणि महाविद्यालयांच्या संघटनेने मिळून परिवीक्षेचा, म्हणजे नोकरी कायम होण्याआधीच्या चाचणीचा, काळ सात वर्षांपेक्षा अधिक नसावा आणि त्यानंतर योग्य कारणाशिवाय काढता येऊ नये, असे तत्त्व मांडले. आपल्या रोजच्या कामात याचा अर्थ असा की समोरच्या प्राध्यापकांना आपण सांगाल ते करण्याची सक्ती बहुतेक वेळा नसते. आपल्याला त्यांचे मन वळवावे लागते. परिपत्रक पाठवून फारसे काही होत नाही. विभागात जाऊन बसावे लागते, त्यांची अडचण ऐकावी लागते आणि नियमात राहून मार्ग दाखवावा लागतो. ज्यांना हे आवडते ते इथे रमतात.

सार्वजनिक असण्याची खरी झळ सरकार बदलल्यावर लागते. क्लार्क केर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि त्या विद्यापीठाच्या विस्ताराचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. रोनाल्ड रेगन राज्यपाल झाल्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी 1967 मध्ये, नियामक मंडळाने केर यांना पदावरून दूर केले. ज्या विस्कॉन्सिनचा उल्लेख वर केला, तिथेही अध्यापकांचे संरक्षण राज्याच्या कायद्यातून 2015 साली काढून टाकण्यात आले आणि ते विद्यापीठाच्या स्वतःच्या धोरणावर सोपवले गेले. मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात 1999 साली शुल्कवाढीच्या प्रस्तावावरून सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप नऊ महिन्यांहून अधिक चालला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये पोलीस आवारात शिरल्यावर संपला. एवढ्या मोठ्या घटना रोज घडत नाहीत, पण त्यांची लहान रूपे आपल्या टेबलापर्यंत येतात: अनुदान अचानक घटते, भरती थांबते, एखाद्या व्याख्यानावरून बाहेरून दूरध्वनी येऊ लागतात, कोणी नागरिक माहिती मागवतो आणि तिचे उत्तर मुदतीत द्यावेच लागते. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेला प्रश्न विचारण्याचा जनतेला हक्क आहे, असे मी मानतो. मात्र आपण लिहिलेली प्रत्येक टिपणी उद्या कोणीही वाचू शकेल, याची सवय करून घ्यावी लागते.

पैशांच्या व्यवहाराविषयी थोडक्यात सांगतो. साध्या खरेदीलाही दरपत्रके लागतात, मोठ्या खरेदीला निविदा लागते, मंजूर तरतूद आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्च न झाल्यास बहुधा परत जाते आणि लेखापरीक्षक काही वर्षांपूर्वीचा आक्षेपही पुन्हा काढू शकतात. हे शिकायला वर्षभर पुरते.

याहून अवघड बाब माणसांमधील उतरंडीची आहे. अध्यापक आणि प्रशासकीय कर्मचारी यांच्यात एक न बोलता पाळली जाणारी दरी असते. बैठकीची सगळी तयारी ज्याने केली, त्याचे मत कोणी विचारत नाही, असे अनेकदा घडते. माझ्या एका सहकारी बाईंना परीक्षेच्या नियमांचे जितके ज्ञान होते तितके कोणत्याही अधिष्ठात्यांना, म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखांना, नव्हते, आणि तरीही निवृत्त होईपर्यंत त्यांना बैठकीत केवळ कागद पुरवण्यापुरते बोलावले गेले. त्याहीपेक्षा कठीण स्थिती हंगामी अध्यापकांची असते. सर्वांत मोठ्या वर्गांना तेच शिकवतात, पण पुढच्या सत्रात काम मिळेल की नाही हे त्यांना ठाऊक नसते आणि अनेकांना बसायला स्वतःची खोलीही नसते. ज्ञानाविषयी इतक्या उंचीने बोलणाऱ्या संस्थांनी हे इतकी वर्षे चालू द्यावे, याचे मला वाईट वाटते आणि ते मी आमच्या बैठकांतही बोलतो.

मग मी इथे का राहिलो? एका आवारात खगोलशास्त्र, शेती, कायदा, संगीत आणि पाली भाषा यांवर आयुष्य वेचणारी माणसे भेटतात, आणि दुपारच्या सुटीत त्यांच्यापैकी कोणाच्याही व्याख्यानाला मागच्या बाकावर जाऊन बसता येते. यात कर्मचाऱ्यांनाही वाटा असतो. 1993 साली इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रात चित्रे व मजकूर एकाच पानावर दाखवणारा मोझेक ब्राउझर तयार झाला, ज्यामुळे वेब सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले. तो बांधणाऱ्यांत मार्क अँड्रीसन हे विद्यार्थी होते, तर एरिक बिना हे तिथले पूर्णवेळ कर्मचारी होते. आणि विद्यार्थी तर दरवर्षी नवे येतात. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या मुलाला कोणता अर्ज कुठे द्यायचा हेही माहीत नसते; अशा वेळी खिडकीपलीकडचा माणूस दहा मिनिटे थांबून नीट समजावतो की पुढची खिडकी दाखवतो, यावर त्या मुलाचे वर्ष वाचणे अवलंबून असू शकते. आपल्या कामाचा परिणाम इतक्या जवळून फार थोड्या नोकऱ्यांत दिसतो.

निर्णय घेण्यापूर्वी मुलाखतीत काही प्रश्न जरूर विचारा. पद विद्यापीठाच्या नियमित निधीतून आहे की एखाद्या प्रकल्पाच्या, हे सर्वांत आधी. कारण प्रकल्पाचे पद प्रकल्पाबरोबर संपते, मग नेमणूकपत्रात काहीही गोड शब्द असोत. या पदावर आधी कोण होते आणि ते का गेले, हे संकोच न करता विचारा. टिपणीवर अंतिम सही कोणाची असते आणि ते अधिकारी आपल्या वरिष्ठांहून वेगळे आहेत का, हेही पाहा, कारण दोन वरिष्ठांच्या मधले पद सर्वाधिक थकवणारे असते. शक्य झाल्यास विद्यापरिषदेच्या मागील दोन-तीन बैठकींची इतिवृत्ते वाचून जा. अनेक सार्वजनिक विद्यापीठे ती संकेतस्थळावर ठेवतात. कोणते विषय वारंवार पुढे ढकलले गेले हे त्यांत दिसते, आणि त्यांतले बरेचसे आपल्याच टेबलावर येणार असतात.